हातांनी सांगितलेलं खोटं

माझी धाकटी बहीण बहिरी. जन्मतः नव्हती, दीड वर्षाची असताना ताप आला, आठ दिवस राहिला, आणि उतरला तेव्हा कान घेऊन गेला. गावात सगळे तिला मुकीच म्हणत. मी तिच्याहून तीन वर्षांनी मोठी आणि तोंडाची फटकळ. आई म्हणायची, देवानं दोघींचं तोंड एकीलाच दिलंय. चारचौघांत म्हणायची, आणि मी आपली फुशारून जायची.

आमचं गाव घोडेगावावरून शिनोलीकडं जाताना रस्त्यापासून आत. ती आठ वर्षांची झाल्यावर मामानं तिला लांबच्या शहरात बहिऱ्या मुलांच्या शाळेत घातलं. राहणं तिथंच. दिवाळीला आणि मे महिन्यात घरी यायची. पहिल्या दिवाळीला आली ती बोटं नाचवतच आली. मी बघतच राहिले. पोरगी जाताना नुसती ओढाओढ करायची, रडायची, बोट दाखवायची. आणि आता तिच्या हातांतून काहीतरी सरळ, ओळीनं निघत होतं.

गंमत अशी की शाळेत हातांनी बोलायला बंदी होती. मास्तरांचं म्हणणं, पोरांनी ओठ वाचायचे आणि तोंडानंच बोलायचं. हात चालले की जीभ आळशी होते. हात हलला की फूटपट्टी बसायची. पण मास्तरांची पाठ वळली की न्हाणीघरात, जेवणाच्या रांगेत पोरी हातांनी धो धो बोलायच्या. मोठ्या पोरी धाकट्यांना शिकवायच्या. शाळेनं शिकवलेले पाचपंचवीस शब्द तिला कसेबसे यायचे. पोरींनी शिकवलेलं सगळं यायचं.

शाळेनं घरी चिठ्ठी पाठवलेली: घरात खुणा करू देऊ नका, बोलायला लावा. आईनं ती चिठ्ठी देवाच्या फोटोमागं ठेवली आणि अक्षरन्‌अक्षर पाळली. ‘भाकरी’ म्हटल्याशिवाय भाकरी नाही. तिच्या तोंडून ‘बागी’ निघायचं. आई तिचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवायची, पुन्हा म्हण, पुन्हा म्हण. ताटातलं कालवण निवून जायचं. आईला वाईट म्हणू नका. ती रडत रडतच हे करायची. पण करायची.

मग आमची शाळा भरायची गोठ्यामागं. मास्तरीण ती, विद्यार्थीण मी. कपाळावर टिकलीचं बोट म्हणजे आई. मिशीला पीळ म्हणजे मामा. बोटांची चोच सारखी उघडमिट करायची म्हणजे मी, बडबडी. मला वाटायचं, हातांचे चार आकार पाठ केले की झालं. कसलं काय! प्रश्न विचारताना माझ्या भुवया हलायच्या नाहीत, तर ती माझ्या भुवया बोटांनी वर ढकलायची. तुझे हात तोतरे आहेत, असं मला चिडवायची. माझी नक्कल करायची, लाकडासारखे हात धरून, आणि दोघींवर हसून शेणात बसायची वेळ यायची. तिच्या हसण्याचा आवाज मोठा आणि विचित्र असायचा. आई तेवढ्यावरून आम्हाला शोधून काढायची आणि दोघींच्या हातांवर फटके द्यायची.

तर अशी मी ती भाषा शिकले, चोरून. गावात ती भाषा दोघींनाच यायची. सगळ्यांच्या देखत आम्ही काहीही बोलायचो. मामीच्या डोळ्यांसमोर मामीची निंदा करायचो. आणि एक गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली नव्हती, ती आज सांगते. तोंडानं तिच्याशी सगळे खोटं बोलायचे. रडू नको, उद्या घरी नेतो, दुखणार नाही, आत्ता येते. ओठ वाचता यायला लागल्यापासून तिला ते कळायचं. पण हातांनी तिच्याशी तोवर कुणी खोटं बोललं नव्हतं.

नव्वद सालानंतरची गोष्ट. माझं लग्न होऊन मी शिनोलीला नांदत होते. ती शाळा संपवून घरी आलेली, एकोणीस वर्षांची. मामानं राजुरीचं स्थळ आणलं. बागायती घर, मुलगा कंपनीत कामाला, सासू खटपटी. आणि मामा आईला म्हणाला, “पोरगी भैरी हाय म्हनून सांगशील तर उंबऱ्याला पाय लागायचा न्हाई कुनाचा. लगीन व्हऊ दे. एकदा नांदाया लागली की कोन बाहेर काढतंय?”

मुलगी बघायला आले की काय विचारतात ते ठरलेलं असतं. नाव काय, मामाचं गाव कोणतं, शिक्षण किती, स्वयंपाक काय येतो. चार प्रश्न. मुलीनं मान खाली घालून हळू आवाजात सांगायचं, जितकं हळू तितकी मुलगी गुणाची. मामा म्हणाला, चार उत्तरं तिच्याकडून घोटून घ्या. आवाज जरा घोगरा येतो, तर थंडीनं घसा बसलाय म्हणू. प्रश्न कोणता ते तिला कळवायला तू आहेसच.

मला आठ दिवस माहेरी बोलावून घेतलं. मी समोर बसायची, एक बोट, ती नाव सांगायची. दोन बोटं, मामाचं गाव. खरं सांगते, मला मजा वाटत होती. सगळ्या घराला माझी गरज पडली होती. ज्या हातांवर आई फटके द्यायची त्या हातांकडं आता मामासुद्धा आशेनं बघत होता. आई मला दूध देत होती सकाळी. मी शहाणी, मी हुशार.

आदल्या दिवशी संध्याकाळी ती गोठ्यात आली. मी धार काढत होते. तिनं मला हलवलं आणि विचारलं: तो येणार आहे त्याला माझं ऐकू न येणं माहीत आहे?

भुवया वर, डोळे माझ्यावर. तिनं असंही सांगितलं, की माहीत असेल तर मी करते लग्न. शाळेतल्या एका मैत्रिणीला असंच फसवून दिलं होतं, तिला पंधरा दिवसांत परत आणून सोडलं. मला तसं नको. माहीत असेल तर हो, नाहीतर नको.

माझा एक हात सडावर होता. दुसरा हात वर केला आणि मी सांगितलं: माहीत आहे.

एवढंच. त्यासाठी लांबलचक काही करावं लागलं नाही. तिनं माझ्या गालाला हात लावला आणि गेली. मी चरवी भरून घेतली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. मुलगा, त्याची आई, चुलता आणि दोन जण. तिची समजूत अशी, की मी घोटून घेताना बसायची तशी तिच्यासमोर बसेन आणि उघड उघड तिच्यासाठी बोलेन. मामानं मला पाहुण्यांच्या पाठीमागं कणगीच्या आडोशाला उभं केलं. पोहे झाले, चहा झाला, ती पाटावर येऊन बसली. चुलत्यानं तिला चालून दाखवायला सांगितलं, लंगडी नाही ना बघायला. मामानं हातानं खूण केली, ती चालली. सासूनं पिशवीतून सुई काढली आणि दोरा ओवायला दिला, डोळे बघायला. तिनं एका दमात ओवला. पाय बघितले, डोळे बघितले, वेणी किती लांब ते बघितलं. कान बघायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

मग चुलत्यानं नाव विचारलं. मी कणगीआडून एक बोट काढलं.

तिनं पापण्या जरा वर केल्या, माझं बोट बघितलं, मी कुठं उभी आहे ते बघितलं, आणि तिला सगळं कळलं. अगं बाई, कळताना मी तिचा चेहरा बघितला! तोंडातून नाव निघालं, घोटलेलंच होतं. मामा लगेच म्हणाला, “थंडीनं घसा बसलाय पोरीचा.” पण तिचे हात मांडीवर होते, पदराच्या काठाखाली, आणि ते हात हलायला लागले. बारीक, बोटांतल्या बोटांतच. त्यांना माहीत नाही. सांग. मी दोन बोटं काढली. तिनं मामाचं गाव सांगितलं, आणि खाली हात: सांग. तू सांग.

त्या खोलीत नऊ माणसं होती. तिचं बोलणं ऐकणारी मी एकटी होते. मी नुसतं “थांबा” म्हटलं असतं तरी झालं असतं. तोंड होतं की मला, दोघींचं मिळून एक! मामा माझ्याकडं बघत होता, आई दारात पदर तोंडाला लावून उभी होती. मी तीन बोटं काढली. मग चार.

पसंती आली.

लग्नाआधीचा महिनाभर ती माझ्याशी बोलली नाही. मी म्हटलं, होईल सगळं नीट, संसार लागला की विसरेल. लग्न झालं आणि मी पाठराखीण म्हणून राजुरीला गेले. दारात तांदळाचं माप ठेवलेलं. बायका दार अडवून उभ्या. “नाव घे! त्याबिगर आत न्हाई!”

कप्पाळ माझं. आठ दिवस घोटवून घेतलं आणि उखाणा कुणाला आठवला नाही. मामा तर पुरुष, त्याला काय. पण आईला? मला? मी स्वतः चार वर्षांपूर्वी शिनोलीच्या दारात नाव घेऊनच आत गेलेली. लग्नाला आलेल्या शंभर बायकांपैकी कुणीही आठवण केली असती. आम्ही मुलगी दाखवण्यापुरतंच बघितलं, पुढचं बघितलंच नाही.

तिच्यासमोर दहाबारा तोंडं हलत होती. सगळी एकदम, तिला एकही वाचता येईना. तिनं मागं वळून मला शोधलं. मी तिच्यापासून चार हातांवर होते, ओटीची पिशवी धरून. हात वर केला असता तर सगळ्यांनी बघितला असता. मी हात पदराखाली घेतले.

तेव्हा ती वळली, मान खाली घातली आणि येत होतं ते बोलली. स्वतःचं नाव. मामाचं गाव. दहावीपर्यंत. पुरणपोळी येते. एकामागून एक, त्या आवाजात, मोठ्यांदा. आधी बायका हसल्या, त्यांना वाटलं पोरगी थट्टेखोर आहे. मग हसणं थांबलं. सासू आत गेली, पितळेची परात घेऊन बाजूनं आली आणि तिच्या पाठीमागं फरशीवर टाकली. आम्ही सगळ्या दचकलो. एक नवरी तेवढी दचकली नाही.

सासूनं परात उचलली आणि माझ्याकडं बघितलं. “तुमी सांगितलं असतं,” ती म्हणाली, “तर इचार केला असता आमी. माझा लेकबी काय राजा न्हवं. पोरगी कामाची हाय, देखनी हाय, केलीबी असती. पन तुमी फसवलं. आता हिच्या तोंडाकडं बघितलं की मला तुमची तोंडं दिसनार.”

परत पाठवलं नाही. ते वाईट लोक नव्हते, मारहाण नव्हती, उपाशी ठेवणं नव्हतं. पण त्या घरात तिच्याशी कुणी बोललं नाही. बोलवायचं असलं की पदर ओढायचे, लांब असली की पाठीत खडा मारायचे. हात हलवले की सासू म्हणायची, चाळे बंद कर, लोक बघत्यात. नवरा कंपनीतून सणावारी यायचा, आणि तिच्याकडं बघताना त्याला आपण फसलो एवढंच दिसत असावं. मूलबाळ झालं नाही. ती कांद्यात राबायची. लागण, खुरपणी, काढणी, पुन्हा लागण.

मी दर दोनतीन महिन्यांनी जायची. ती पाणी द्यायची, चहा द्यायची. मी हात वर केले की डोळे मिटून घ्यायची. आपण कुणाचं ऐकायचं नसलं तर कानांत बोटं घालतो, तरी काहीतरी कानावर येतंच. तिनं डोळे मिटले की माझं बोलणं तिथंच संपायचं. अशी मी त्यांच्या बांधावरच्या बाभळीखाली बसून तिच्या मिटलेल्या डोळ्यांपुढं हात हलवत बसलेय. मेले हात!

माफी मागायला मला शब्द नव्हता असं नाही. कान धरायचा, ते जगाला कळतं. पण मला त्याच्या पुढचं सांगायचं होतं. मी का केलं, मला मजा कशी वाटली, मी आईला भ्याले की मामाला. आमची गोठ्यामागची भाषा लहान पोरींची होती. खा, ये, मार बसला, मामी चेटकीण आहे. तिच्यात असलं काही सांगता येत नव्हतं.

दोन हजार साल उलटून गेल्यावर कुणीतरी मला जुन्नरच्या बाजारातल्या एका शिंप्याचं सांगितलं. मुसलमान, जन्मापासून बहिरा, लहानपणी मुंबईच्या शाळेत शिकलेला. बाजाराच्या दिवशी आसपासच्या गावांतले बहिरे त्याच्या दुकानात जमायचे. बाजारहाटाच्या निमित्तानं मी जायला लागले. पहिल्या दिवशी मी माझी भाषा काढली तर पाचही जण पोट धरून हसले. पस्तिशीला आलेली बाई आठ वर्षांच्या पोरीसारखी बोलत होती. पण शिंप्यानं मला शिकवलं. मशीन चालवता चालवता, तोंडात टाचण्या धरून, हात मोकळे झाले की शिकवायचा. भीती, लाज, कबूल करणं, जबाबदारी. चुकलं की कापड मोजायच्या पट्टीनं टेबलावर ठोकायचा, मला ठोका कळावा म्हणून.

त्यानं विचारलं, घरात कोण बहिरं? मी म्हटलं, बहीण. घेऊन ये. येत नाही. का? मग मी त्याला सांगितलं, नव्या शिकलेल्या हातांनी, पहिल्यांदाच कुणालातरी. कणगी, बोटं, पदराखालचे हात. त्यानं मशीन थांबवलं.

ती “सांग” म्हणाली ते तू बघितलंस?

बघितलं.

दुसऱ्या कुणी?

कुणी नाही.

मग त्यानं बाकीच्यांना सांगितलं, माझ्यादेखत, काही न झाकता. चार माणसं माझ्याकडं बघत होती. मला वाटलं, आता ऊठ म्हणतील. त्यानं पुन्हा पायडल मारलं आणि मागच्या खेपेचा धडा करून दाखवायला सांगितलं. मी सव्वा वर्ष जात होते.

मग एक दिवस राजुरीला जाऊन मी कांद्याच्या वाफ्यात तिचे दोन्ही खांदे धरले. तिनं डोळे मिटले नाहीत, कंटाळली असेल. मी सगळं सांगितलं. हात नवे, सफाईदार. तिनं बघितलं शेवटपर्यंत. मग तिनं दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांकडून माझ्याकडं नेली. बघितलं, एवढंच. खाली वाकली आणि रोप लावायला लागली. मी रस्त्यावर येऊन एस.टी.ची वाट बघत रडले.

त्यानंतर तीन वर्षांनी तिच्या नवऱ्याचा फोन आला. बाजारगावातल्या एका दवाखान्यात तिला नेलं होतं. किती महिने अंगावरून जात होतं, कुणाला कळलं नव्हतं, तिनं सांगायचं तरी कुणाला? नवरा म्हणाला, “डाक्टर काय इचारतोय ते तिला कळंना. तुमी या, तुमाला येतं ना तिचं ते.”

मी गेले. इतक्या वर्षांनी ती माझ्याशी हातांनी बोलली, कारण दुसरा इलाज नव्हता. कधीपासून, किती, कुठं दुखतं. मी डॉक्टरांना सांगत गेले. तपासण्या झाल्या. संध्याकाळी डॉक्टरांनी आम्हा दोघांना बोलावलं. गर्भाशयात गाठ आहे, पिशवीसकट काढावी लागेल, तुकडा तपासायला पाठवू, पण लक्षणं चांगली नाहीत. तयारी ठेवा.

बाहेर आल्यावर नवरा माझ्यापुढं हात जोडून उभा राहिला. पिकलेले केस, त्याच्याही डोळ्यांत पाणी. “तिला न्हका सांगू. साधी गाठ हाय म्हना. लई भेल ती. तुमच्या पाया पडतो.”

मी आत गेले. ती खाटेवर बसली होती, मला बघून तिनं भुवया वर केल्या. मी तिच्यासमोर बसले आणि सांगितलं. पिशवी काढणार. मूल आता होणार नाही. गाठ वाईट असेल, जीवही जाईल, अजून नक्की नाही, पण भीती आहे. एकही गोष्ट मी गाळली नाही. माझे हात तोतरे झाले नाहीत. ती माझ्या हातांकडं एकटक बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काहीसुद्धा हललं नाही. मला वाटलं, धक्का बसलाय.

डॉक्टर फेरीला आले. ती उठली, उशाशी असलेल्या औषधाच्या चिठ्ठीची मागची बाजू पुढं केली आणि त्यांच्या खिशातलं पेन मागितलं. शाळेनं शिकवलेल्या, लग्नानंतर कधी न वापरलेल्या वाकड्यातिकड्या अक्षरांत तिनं लिहिलं. लिहायला वेळ लागला. डॉक्टरांनी वाचलं आणि माझ्याकडं बघितलं.

“तुम्ही सख्ख्या बहिणी ना?”

“हो.”

त्यांनी चिठ्ठी मला दाखवली. तिनं आधी मी सांगितलेलं सगळं लिहिलं होतं, पिशवी, मूल, गाठ, मरण. आणि खाली: ‘ही बोलली. खरं का?’

डॉक्टरांनी चिठ्ठी भिंतीला टेकवली, ‘हो’ लिहिलं आणि तिच्या हातात दिली. तिनं वाचलं. तेव्हा कुठं ती रडायला लागली.